खोड्यातली सायकल

सायकल उलटी करून सीट-हँडलवर ठेवलेली दिसली की आमच्या घरमालकांचं डोकं फिरायचं. ती कोणाची, कुठली, याच्याशी त्यांना कर्तव्य नसे. एका रविवारी शिरपामाळला निघालेला, रंगीत घट्ट कपड्यांतला एक सायकलवाला नेमका आमच्या फाटकासमोर पंक्चर झाला. त्या बिचाऱ्याने सगळं जग करतं तेच केलं. सायकल उचलली, उलटी केली आणि चाकं आभाळाकडे करून पाना शोधायला लागला. घरमालक ओसरीवर चहा पीत होते. ते कपबशीसकट रस्त्यावर गेले.

"गाय आजारी पडली तर तिला पाठीवर पाडून चारी पाय वर करता काय हो तुम्ही?"

तो गृहस्थ गोंधळला. "आमच्याकडे गाय नाहीये."

"तरीच."

मग कपबशी कुंपणाच्या भिंतीवर ठेवून यांनी सायकल सुलटी केली आणि पंक्चर निघेपर्यंत ती दोन्ही हातांनी उचलून धरली. त्या माणसाने आभार मानले. घरमालकांनी तिकडे लक्ष न देता मागचं चाक फिरवलं आणि कान जवळ नेला. फ्रीव्हीलचा टिक-टिक-टिक आवाज त्यांनी डोळे मिटून ऐकला.

"रवंथ चालू आहे," ते म्हणाले. "जा आता."

हे निवृत्त पशुधन पर्यवेक्षक. पदाने डॉक्टर नव्हते, पण जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर ज्याच्या हातात सुई तो डॉक्टर, म्हणून सगळे त्यांना डॉक्टरच म्हणायचे. मीही म्हणायचे. नोकरीभर त्यांनी एका काळ्या, जड, दांडीच्या सायकलवर लसीची पेटी बांधून वांगणीकडचे रस्ते तुडवले होते, म्हणजे जिथे रस्ता होता तिथे. जिथे नव्हता तिथे सायकल त्यांच्या खांद्यावर बसून जायची. तिचं नाव काळी. काळी अजून होती, आणि निवृत्तीनंतर गोठ्यातली सगळी माया तिच्या एकटीच्या वाट्याला आली होती.

मी तेव्हा मोखाड्याला पंचायत समितीत होते आणि राहायला जव्हारला, डॉक्टरांच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत. मी याद्या करणारी बाई आहे. घर बघायला गेले तेव्हाही प्रश्न लिहून नेले होते. पाणी किती वाजता, छप्पर कुठे गळतं, गॅसवाला दारापर्यंत येतो का. डॉक्टरांनी सगळ्याची सरळ उत्तरं दिली. मग त्यांनी मला एकच प्रश्न विचारला.

"सायकल आहे?"

"नाही."

"घेणार?"

"नाही."

"चालेल. म्हणजे उलटी करायचा प्रश्न नाही."

त्यांच्यापुढे सगळे सजीव-निर्जीव सारखेच. मिक्सर बंद पडला तरी ते आधी त्याच्या पोटावर थाप मारून बघायचे. माणसांना तपासताना ते माणसाला कधी काही विचारत नसत, त्याला सांभाळणाऱ्याला विचारत. मी एकदा तापाने पडले तर दारात उभे राहून काकूंना म्हणाले, "खाल्लं का हिने?"

काकू म्हणजे त्यांच्या पत्नी. त्या म्हणाल्या, "अर्धी भाकरी."

"नाक ओलं आहे का बघ."

मला सर्दी झाली होती. नाक ओलंच होतं.

"मग काळजी नाही," असं म्हणून ते निघून गेले. मी दोन दिवसांत बरी झाले हा त्यांच्या मते त्यांचाच गुण.

मूळ भानगड सुरू झाली ती काळीची चेन चढवताना. डॉक्टर सगळी दुरुस्ती उकिडवं बसून करायचे. त्या दिवशी कमरेत उसण भरली आणि ते बसले ते बसलेच. ना वर होता येई, ना खाली. शेजारच्या दोघांनी त्यांना त्याच स्थितीत, गणपती उचलावा तसं उचलून आत नेलं. डॉक्टरांच्या हातात पाना तसाच होता.

"हळू रे," काकू म्हणाल्या. "विसर्जनाला नाही नेत आपण."

संध्याकाळी नाशिकहून मुलाचा फोन आला. तो तिथे एका कंपनीत मोठ्या पदावर आहे. फोन स्पीकरवर होता, त्यामुळे मलाही ऐकावा लागला. "बाबा, शेवटचं सांगतो. आता पुन्हा एकदा तुमची कंबर धरली की मी येऊन दोघांना घेऊन जाणार. घराला कुलूप. आणि ती सायकल भंगारात."

डॉक्टरांनी हातातला पाना पांघरुणाखाली सरकवला. आधी एकदा ते नाशिकला मुलाच्या फ्लॅटवर जाऊन आले होते. रोज सकाळी खाली पार्किंगमध्ये जाऊन लोकांच्या सायकली तपासायचे. शेवटी सोसायटीच्या वॉचमनने तक्रार केली, कारण त्यांनी एका बंद मोटारीच्या पोटावरही थाप मारून पाहिली होती आणि तिचा भोंगा अर्धा तास थांबेना. काकूंनाही नाशिक नको होतं. "सहाव्या मजल्यावरून खाली बघितलं की भोवळ येते," त्या म्हणायच्या, "आणि समोर बघितलं की दुसऱ्यांचे कपडे दिसतात."

मलाही नको होतं. कुलूप लागलं असतं तर मला घर शोधावं लागलं असतं, आणि इतकं पाणी असलेलं घर जव्हारमध्ये मिळत नाही.

म्हणून मी कागद घेऊन बसले. विचार साधा होता. डॉक्टरांनी सायकल सोडणं शक्य नाही. वाकणं परवडणारं नाही. तर मग सायकलच वर आली पाहिजे. तिला छातीच्या उंचीवर धरून ठेवणारा स्टँड मिळतो, हे मी मोबाइलवर पाहिलं होतं. बघायच्या गोष्टी अशा होत्या: वजन किती पेलतो, धरतो कुठे, दोन्ही चाकं मोकळी फिरतात का, पाय कशावर टेकणार. आमचं अंगण उताराचं, त्यातून शेणाने सारवलेलं. हा शेवटचा मुद्दा मी दोनदा अधोरेखित केला आणि तरी पहिला स्टँड मागवताना फोटोला भुलले.

तो आला. घडीचा, हलका, दिसायला देखणा. वर सायकल पकडणारा चिमटा, खाली तीन पाय. डॉक्टर पलंगावरून उठून काठी टेकत आले आणि त्याच्याभोवती एक प्रदक्षिणा घातली.

"मॅडम, चौथा पाय पेटीत राहिला का?"

"तीनच असतात, डॉक्टर. उलट तीन पाय कुठेही नीट टेकतात."

"उभ्या जन्मात मी तीन पायांवर उभं राहिलेलं जनावर पाहिलं नाही. आडवं पडलेलं पाहिलंय."

तरी मी हट्टाने काळीला त्यात चढवलंच. चिमटा कुठे लावायचा हा पहिला प्रश्न. दांडीला लावावा तर काळीचे ब्रेक जुन्या कांबीचे, त्या कांबी चिरडायला लागल्या. माहितीपत्रकात लिहिलं होतं, सीटखालची नळी धरा. पण डॉक्टर बुटके. सीट इतकी खाली की नळी दिसतच नव्हती. सीट वर करू का विचारलं तर असे दचकले, जणू मी काळीचं शिंग कापू का विचारलं होतं. शेवटी काकूंनी डोळ्यांनी खुणावलं, डॉक्टर पाणी प्यायला आत गेले, तेवढ्यात मी सीट वर केली, नळी चिमट्यात धरली आणि मूठ घट्ट आवळली. काळी अधांतरी उभी राहिली. मी एक पाऊल मागे सरकले. स्टँडनेही एक पाय मागे घेतला. मग तो उताराच्या दिशेला नमस्कार घालत सावकाश झुकला आणि काळी काकूंच्या तुळशीवर आडवी झाली.

डॉक्टर दारात उभे होते. काळीला झालेल्या इजेपेक्षा आपलं म्हणणं खरं ठरल्याचा आनंद मोठा होता, हे त्यांना लपवता आलं नाही.

"आणि आवळायचं कशाला इतकं?" ते म्हणाले. "जनावर आवळायचं नसतं. तोलायचं असतं."

हे वाक्य मात्र मी कागदावर लिहून घेतलं. पुढे बरंच उपयोगी पडलं.

मग दुकानातला साधा स्टँड पाहिला, मागचं चाक वीतभर उचलणारा. त्याला वाकावं लागतंच, म्हणजे बाद. त्यानंतर डॉक्टरांनी स्वतःच ओसरीच्या वाशाला दोर टाकून काळी टांगली. तोल बरोबर होता, पण पॅडल फिरवलं की काळी झोके घ्यायची, आणि डॉक्टर पाना घेऊन तिच्याबरोबर पुढे-मागे करायचे. काकू भात घेऊन बाहेर आल्या तेव्हा मागचं चाक त्यांच्या अंबाड्याला घासून गेलं. पाळणाही बाद.

"चार पाय," डॉक्टर म्हणाले. "आणि बाजूने आधार, म्हणजे हलणार नाही. वरून नवारीचे पट्टे सोडायचे. मी काढून देतो चित्र."

काढलं त्यांनी. स्वच्छ, मापांसकट, एका झटक्यात. मी ते मोखाड्याला नेलं, कारण माझ्या ऑफिसजवळ एक वेल्डिंगवाला होता. चाळिशीचा, शांत माणूस. त्याने कागद पाहिला आणि हसला.

"डॉक्टरांचं चित्र हाये. लय बनवलेत आसं मी त्यांना."

"हे सायकलसाठी आहे हं," मी स्पष्ट सांगितलं.

"हो, हो. सायकलसाठी," तो म्हणाला आणि आणखी हसला. मॅडम गंमत करतात, असं त्याला वाटलं, हे मला नंतर कळलं.

बाजाराच्या दिवशी जव्हारकडे येणाऱ्या टेम्पोतून स्टँड आला. तो उतरवायला सहा माणसं लागली. फाटकातून आत येईना म्हणून कुंपणाचे दोन दगड काढावे लागले. अंगणात उभा राहिल्यावर आम्ही तिघं त्याच्याकडे बघत राहिलो. जाड पाइपाचे चार खांब, बाजूला आडव्या दांड्या, पुढे मान बाहेर काढायला मोकळी जागा. कुठल्याही गुरांच्या दवाखान्यासमोर असतो तो खोडा. जनावराला सुई टोचताना त्यात उभं करतात ना, तो. अस्सल. आख्खा बैल मावेल असा.

"अहो, हे काय काढून दिलंत तुम्ही?" काकू म्हणाल्या.

डॉक्टरांनी डोकं खाजवलं. "हाताला सवय. माप आपोआप पडलं."

"यात काळी हरवेल."

मी परत पाठवायचं म्हणत होते. डॉक्टर मात्र खोड्यात शिरून उभे राहिले, मग बाहेर आले, मग पुन्हा शिरले. जुन्या शाळेत गेलेल्या माणसासारखे ते दांड्यांवरून हात फिरवत होते. तेव्हाच मला कळलं की हा काही परत जात नाही.

आणि खरं सांगायचं तर मी आजवर पाहिलेला तो सर्वांत उत्तम सायकल स्टँड आहे. वरच्या दांड्यांवरून बाजेच्या नवारीचे दोन पट्टे सोडले. एक सीटखालून, एक हँडलच्या मानेखालून. कुठे चिमटा नाही, कांबीला धक्का नाही, सीट आपल्या जागी. पट्टा गुंडाळला की सायकल वर, सोडला की खाली, म्हणजे चेनचं काम कमरेशी आणि ब्रेकचं छातीशी. बाजूच्या दांड्यांना काथ्या गुंडाळला, त्यामुळे हलणं नाही आणि रंगाला ओरखडा नाही. दोन्ही चाकं मोकळी. चार पाय जमिनीत वीतभर पुरले, त्यामुळे उताराचा प्रश्नच मिटला. डॉक्टर ताठ उभं राहून काम करायला लागले. उसण गेली. रोज सकाळी काळी खोड्यात, मान बाहेर, आणि डॉक्टर तिच्या पोटाशी. फडक्याने पुसणं, एक थेंब तेल, चाकाला एक गिरकी, डोळे मिटून टिक-टिक.

एकच गोष्ट यादीत धरली नव्हती. खोडा रस्त्यावरून दिसत होता.

पहिली बकरी आठवड्याच्या आतच आली. पाड्यावरची एक म्हातारी तिला कानाला धरून फाटकात उभी राहिली. तिकडे लहानथोर सगळ्यांना अरे-तुरेच करतात, त्यात अनादर नसतो.

"डाक्टर, तू परत चालू केलास ना? बकरी खात नाय."

"मी निवृत्त झालोय, बाई. ही सायकल आहे."

म्हातारीने काळीकडे पाहिलं. "हिला काय झाला?"

"काही नाही. तपासतोय."

"मग हिला बरं हाये. उतरव. बकरी चढव."

काळी उतरली, बकरी चढली. डॉक्टरांनी पोटावर थाप मारली, हिरव्या चाऱ्याने पोट धरलंय म्हणाले, काकूंकडून ओवा मागून घेतला आणि सरकारी दवाखान्यात जायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी तीन बकऱ्या आल्या. दवाखान्यात जा, हे सांगण्यासाठी डॉक्टर प्रत्येकीला आधी पूर्ण तपासायचे. काकू कुरकुरायच्या, पण मी पाहिलंय, सकाळी अंगण झाडून झालं की त्या स्वतःच खोड्यापाशी पाण्याची बादली ठेवायच्या.

या सगळ्याचा फोटो कोणीतरी नाशिकला पाठवला. मुलाने फोन केला नाही. बाबांनी पुन्हा बकऱ्या धरल्या म्हणजे आता कंबरही धरणार, असा हिशेब करून तो सरळ यायला निघाला, आणि काकूंच्या मते हे जास्त वाईट होतं. सून रविवारी मोटार घेऊन येणार, दोघांच्या बॅगा भरून ठेवा, एवढाच निरोप. स्वतः मुलगा शनिवारीच येणार होता, सायकलवरून. त्याला अलीकडे तो नाद लागला होता. बापाच्या वळणावर गेलाय असं म्हटलेलं त्याला आवडायचं नाही, म्हणून तो त्याला फिटनेस म्हणायचा.

शनिवारी दुपारी तो पोचला. त्र्यंबकहून मोखाड्यावरून सगळे चढ-उतार करत. घामाने भिजलेला, पण खूश. सायकल अशी हलकी की एका बोटावर उचलावी. शेवटच्या चढाला तिची चेन उतरली होती आणि तो उरलेलं अंतर ढकलत आला होता. मी अंगणातल्या दोरीवरचे कपडे काढत होते, म्हणून पुढचं सगळं मला दिसलं.

"बाबा, नमस्कार. आधी ही चेन बसवतो, मग बोलू आपण," तो म्हणाला. बोलू आपण म्हणजे काय, ते सगळ्यांना माहीत होतं. डॉक्टर ओसरीवर ताठ बसले होते. त्यांनी खोड्याकडे बोट केलं. "तिथे चढव."

"त्या गोठ्यात? बाबा, ही कुठली सायकल आहे माहीत आहे का तुम्हाला?"

आणि त्याने ती उलटी केली. बापाच्या अंगणात, बापाच्या डोळ्यांदेखत, सीट-हँडलवर. काकूंनी पदर तोंडाला लावला. डॉक्टर बसल्या जागी पुढे सरकले.

मुलगा चेन बसवायला वाकला. नाशिकपासून वाकूनच आला होता, त्यात हे. मला एक बारीक 'अं' ऐकू आला. तो तसाच राहिला, एक हात चेनवर, एक हात हवेत.

"आई," तो जमिनीकडे बघत म्हणाला, "मला सरळ होता येत नाहीये."

डॉक्टर उठले. सावकाश आले. आधी सायकल सुलटी करून बाजूला ठेवली. मग मुलाभोवती एक प्रदक्षिणा घातली, कमरेवर दोन ठिकाणी बोट दाबलं, आणि काकूंना विचारलं, "खाल्लं का याने?"

"आत्ता तर आलाय!"

"बाबा, मी बोलू शकतो," मुलगा जमिनीला म्हणाला.

"नाक?"

"ओलं आहे," काकू म्हणाल्या. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते नाकावरून ओघळत होतं.

त्याला आत नेणं अवघड होतं. ओसरीला तीन पायऱ्या होत्या आणि त्याला पाय उचलवेना. मी आणि डॉक्टरांनी त्याला धरून जवळच्या खोड्यात नेलं. तिथे त्याच्या दोन्ही काखा बाजूच्या दांड्यांवर टेकवल्या, नवारीचा पट्टा छातीखालून घेतला आणि डॉक्टर तो एकेक वेटोळं गुंडाळत गेले तसा मुलगा बोट-बोट सरळ होत गेला. डॉक्टर सारखे म्हणत होते, "आवळत नाहीये. तोलतोय." मुलाने डोळे मिटले होते. काकूंनी मीठ तव्यावर भाजून पुरचुंडीने शेकायला सुरुवात केली. तेवढ्यात ती म्हातारी फाटकातून आत आली, बकरीला कानाला धरून. तिने खोड्यात पाहिलं. पिवळा घट्ट सदरा, काळी तोकडी विजार, मान बाहेर.

"डाक्टर," ती म्हणाली, "आता मानसांनापन घेतोस?"

"नंबर लाव. हा आधी आलाय."

म्हातारी खाली टेकली. "कवा सुटंल?"

"मावशी, मी इथेच आहे, ऐकू येतंय मला," मुलगा म्हणाला.

"खातो का?" म्हातारीने डॉक्टरांना विचारलं.

रविवारी सून मोटार घेऊन आली. दोन बॅगा ओसरीवर भरून तयार होत्या. एकीत कपाटातले मुलाचे जुने कपडे आणि दुसरीत तांदूळ, नागलीचं पीठ आणि शेकायच्या मिठाची पुरचुंडी. "आई-बाबा, तुमच्या बॅगा?" तिने विचारलं. काकू म्हणाल्या, "आधी याला तर ने." मोटारीची मागची सीट आडवी करून त्याला त्यावर निजवलं. तो निजल्यावर गाडीत सुनेखेरीज कोणाला जागा उरली नाही. त्याच्या सायकलीलाही नाही.

"राहू दे तिला इथे," डॉक्टर म्हणाले. "तुझी कंबर बरी झाली की ने."

मोटार वळणावरून दिसेनाशी झाली, तसे ते तडक अंगणात आले आणि नाशिकची सायकल खोड्यात चढवली. दोन्ही पट्ट्यांवर अलगद, मान बाहेर. चेन बसवली, पुसून काढली. काळीला त्यांनी शेजारीच उभं केलं होतं. एकटीला वाईट वाटू नये म्हणून, असं काकू म्हणाल्या, कोणत्या एकटीला ते मी विचारलं नाही.

पुढच्या आठवड्यात फोन आला. मी काकूंकडे विरजण मागायला गेले होते. फोन स्पीकरवरच होता. मुलाने आई कशी आहे विचारलं आणि घसा साफ केला. काकूंच्या हातातली वाटी हलायची थांबली.

"बाबा," तो शेवटी म्हणाला, "सायकल कशी आहे माझी?"

डॉक्टर फोन घेऊन अंगणात गेले. म्हातारीची बकरी नंबरात उभी होती, तिला त्यांनी हाताने जरा बाजूला केलं. फोन मागच्या चाकाजवळ धरला आणि चाकाला एक गिरकी दिली. टिक-टिक-टिक-टिक. चाक पूर्ण थांबेपर्यंत पलीकडून आवाज आला नाही.

"ऐकलंस?" डॉक्टर म्हणाले. "रवंथ करतेय. घाई करू नकोस न्यायची."

"नाही," मुलगा म्हणाला. "राहू दे तिथेच."